सील, पाणमांजर आणि कस्टम्स: फरचे स्पोरन घेऊन परदेशी जाताना

किल्टला, म्हणजे स्कॉटिश पुरुषांच्या गुडघ्यापर्यंतच्या घागऱ्यासारख्या वस्त्राला, खिसे नसतात. त्यामुळे किल्टच्या पुढच्या बाजूला, कमरेभोवतीच्या साखळीला किंवा पट्ट्याला अडकवलेली जी पिशवी दिसते, त्या स्पोरनला स्कॉटलंडच्या पारंपरिक पोशाखात शोभेइतकेच उपयोगाचेही स्थान आहे. दिवसा वापरायचे स्पोरन बहुधा साध्या चामड्याचे असते. लग्न, मेजवानी, पदवीदान किंवा पाइप बँडचे, म्हणजे बॅगपाइप आणि ढोल वाजवणाऱ्या पथकाचे, संचलन असले की फरचे तोंड, वर नक्षीदार धातूची पट्टी आणि खाली लोंबणारे गोंडे असलेले स्पोरन बाहेर निघते. ही फर पिढ्यान्‌पिढ्या सील, पाणमांजर, बॅजर, पाइन मार्टेन, कोल्हा आणि क्वचित रानमांजर या प्राण्यांची वापरली गेली. यांपैकी बऱ्याच प्राण्यांना आज कायद्याचे संरक्षण आहे, आणि घरात वैधपणे असलेली वस्तू सीमेवर मात्र अवैध ठरू शकते.

हा प्रश्न केवळ स्कॉटिश कुटुंबांपुरता राहिलेला नाही. एडिनबरा, ग्लासगो किंवा ॲबर्डीन येथे शिकायला अथवा नोकरीला गेलेली मराठी मंडळी समारंभासाठी किल्ट घेतात. तिकडच्या घरांशी सोयरीक जुळली की वऱ्हाड दोन्ही दिशांनी प्रवास करते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले मराठी पर्यटकही एडिनबराच्या रॉयल माइल या जुन्या बाजाररस्त्यावरून स्पोरन विकत घेतात. शिवाय २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी स्कॉटलंडचा संघ १९९८ नंतर प्रथमच पात्र ठरला आणि ही स्पर्धा अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांत असल्याने किल्ट घालून सामन्यांना जाणाऱ्या स्कॉटिश चाहत्यांपुढे हा विषय नव्याने उभा राहिला. या सर्वांना उपयोगी पडेल असा क्रम पुढे दिला आहे. त्यामागचे सूत्र एकच आहे: कस्टम्सचा अधिकारी पोशाख पाहत नाही, प्राणी पाहतो. म्हणून परवान्याचा विचार करण्याआधी आपल्या हातातील कातडे नेमके कोणाचे आहे हे ठरवले पाहिजे.

पहिले काम: कातडे ओळखणे

सीलचे केस आखूड, ताठ आणि चकचकीत असतात. ते एकाच दिशेला चपट बसतात, आणि रुपेरी करड्या रंगावर गडद ठिपके किंवा ढग असल्यासारखे डाग दिसतात. पाणमांजराची फर तपकिरी असून वरच्या लांब केसांखाली अतिशय दाट, मऊ लोकर असते. बॅजरच्या स्पोरनवर पुष्कळदा प्राण्याचे संपूर्ण मुखच बसवलेले असते आणि त्यावरचे काळे-पांढरे पट्टे लपत नाहीत. पाइन मार्टेनच्या गळ्याशी पिवळसर साईच्या रंगाचा डाग असतो. सैनिकी आणि पाइप बँडच्या स्पोरनवरचे गुडघ्यापर्यंत येणारे लांब पांढरे किंवा काळे केस बहुधा घोड्याचे असतात, आणि स्वस्त मऊ फर पुष्कळदा सशाची निघते.

डोळ्यांनी केलेल्या या ओळखीवर मात्र विसंबू नये. गाईच्या कातड्यावर रंग आणि ठसे देऊन ते सीलसारखे दिसेल असे केलेले स्पोरन बाजारात सर्रास मिळतात. त्यामुळे निष्पाप वस्तू संशयास्पद दिसते, तशीच प्रतिबंधित वस्तूही निष्पाप समजली जाते. स्पोरन नवे असेल तर विक्रेत्याकडून प्राण्याचे शास्त्रीय नाव, कातडे आलेला देश आणि खरेदीची तारीख लेखी घ्यावी. हार्प सील असेल तर पावतीवर पॅगोफिलस ग्रोएनलँडिकस, युरोपीय पाणमांजर असेल तर लुत्रा लुत्रा असे स्पष्ट लिहिलेले असावे. नुसत्या ‘अस्सल फर’ या शब्दांना सीमेवर काही किंमत नाही. स्पोरन भाड्याने घेतले असेल तर दुकानदाराला हाच प्रश्न विचारावा, आणि त्याला उत्तर देता येत नसेल तर ते स्पोरन देशाबाहेर नेऊ नये.

दुसरे काम: कोणत्या प्राण्याला कोणता कायदा

येथे सर्वांत मोठा गोंधळ होतो. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा करार, म्हणजे साइटीस, १९७३ मध्ये वॉशिंग्टन येथे झाला आणि १ जुलै १९७५ रोजी अमलात आला. त्याच्या पहिल्या परिशिष्टात सर्वांत कडक संरक्षण असलेले प्राणी आहेत आणि युरोपीय पाणमांजर त्यात आहे. बिबट्याही त्यातच आहे, आणि पाइप बँडमधला मोठा ढोल वाजवणारा वादक परंपरेने अंगावर बिबट्याचे कातडे घेत असल्यामुळे ही बाब बँडवाल्यांसाठी महत्त्वाची आहे. रानमांजर दुसऱ्या परिशिष्टात येते. बॅजर आणि पाइन मार्टेन साइटीसच्या यादीत नाहीत, परंतु ब्रिटनच्या देशांतर्गत कायद्यांनी त्यांना संरक्षण दिले आहे. बॅजरसाठी तर १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यानुसार मृत बॅजरचा भाग बाळगणाऱ्याला तो प्राणी बेकायदा मारलेला नव्हता हे दाखवता आले पाहिजे.

सीलची गोष्ट वेगळी आहे. स्पोरनसाठी जी कातडी प्रामुख्याने वापरली जातात, त्या हार्प सील आणि ग्रे सील या जाती साइटीसच्या परिशिष्टांत नाहीत. त्यामुळे सीलच्या स्पोरनसाठी साइटीसचा परवाना मागायला गेलेल्या माणसाला ‘याला परवाना लागत नाही’ असे खरे उत्तर मिळते आणि तो निर्धास्त होऊन विमानात बसतो. प्रत्यक्षात सीलवरचे निर्बंध प्रत्येक देशाने स्वतंत्र कायद्याने घातलेले आहेत, आणि काही ठिकाणी ते साइटीसपेक्षाही कडक आहेत. साइटीसचे कागद या कायद्यांपुढे चालत नाहीत.

अमेरिकेचा नियम समजून घ्यावा

अमेरिकेच्या १९७२ च्या समुद्री सस्तन प्राणी संरक्षण कायद्याने सील, देवमासा, वॉलरस, ध्रुवीय अस्वल अशा प्राण्यांपासून बनलेल्या वस्तू देशात आणण्यावर सरसकट बंदी घातली. वस्तू विकायची नाही, ती आपल्या अंगावरची आहे, आठवड्याने परतच न्यायची आहे, या कारणांनी सुटका होत नाही, कारण या कायद्यातील ‘आयात’ या संज्ञेत अमेरिकेच्या हद्दीत वस्तू आणणे किंवा उतरवणे एवढ्याचाही समावेश होतो. एडिनबराहून न्यूयॉर्कच्या टार्टन डे या स्कॉटिश वारशाच्या दिवसाच्या संचलनाला निघालेला वादक असो, उत्तर कॅरोलायनातील ग्रँडफादर माउंटनच्या हायलँड खेळांना जाणारे कॅनडाचे कुटुंब असो, की रॉयल माइलवर खरेदी करून घरी परतणारे न्यू जर्सीतील मराठी दांपत्य असो, सीलचे स्पोरन कोणालाही सोबत नेता येत नाही. कॅनडात ते विकत घेणे आणि वापरणे वैध आहे, म्हणूनच कॅनडा-अमेरिका सीमेवर अशी फसगत होण्याचा संभव विशेष असतो.

अपवाद फार थोडे आहेत. अमेरिकेचा नागरिक आपल्या मालकीची, वैधपणे बाळगलेली वस्तू प्रवासाला जाताना घेऊन गेला, तर प्रवास संपल्यावर तीच वस्तू त्याच व्यक्तीला परत आणता येते. कायद्याचे शब्द नागरिकाविषयी आहेत, त्यामुळे ग्रीन कार्डधारकाने हा अपवाद आपल्याला लागू आहे असे गृहीत धरू नये. ज्यांना तो लागू आहे त्यांनीही अमेरिकेतून निघतानाच वस्तू तेथे आपल्याकडे होती याचा पुरावा तयार ठेवावा. २१ डिसेंबर १९७२ पूर्वीच्या वस्तूंसाठी वेगळी तरतूद आहे, पण वस्तू त्यापूर्वीची आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. आजोबांचे स्पोरन आहे, म्हणजे जुनेच असणार, एवढे म्हणणे पुरेसे होत नाही. प्रवासाच्या बऱ्याच आधी अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेशी आणि सीलसंबंधीचे काम पाहणाऱ्या राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेशी लेखी पत्रव्यवहार करून उत्तर हाती आल्याशिवाय अशी वस्तू नेऊ नये.

विमान बदलण्याचा मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुबई किंवा फ्रँकफर्टला प्रवासी विमानतळाच्या आतच विमान बदलतो. अमेरिकेत मात्र पुढच्या देशाला जाणाऱ्या प्रवाशालाही सहसा इमिग्रेशन आणि कस्टम्स पार करावे लागते. म्हणजे लंडनहून न्यूयॉर्कमार्गे मेक्सिकोला किंवा कॅरिबियन बेटांवर लग्नाला निघालेल्या वऱ्हाड्याचे सीलचे स्पोरन न्यूयॉर्कलाच अडकेल. तिकीट काढतानाच मार्ग तपासावा आणि फरचे स्पोरन न्यायचेच असेल तर अमेरिकेबाहेरून जाणारा मार्ग निवडावा.

बॅजरसारख्या यादीबाहेरच्या प्राण्यांबाबतही अमेरिकेत पूर्ण मोकळीक नाही. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून मिळवलेला वन्यजीव देशात आणण्यास तेथील १९०० चा लेसी कायदा मनाई करतो, म्हणून वैध उगमाची पावती तेथेही हवी.

युरोप आणि ब्रिटन

युरोपीय संघाने २००९ मध्ये सीलच्या उत्पादनांच्या व्यापाराविषयी नियम केला आणि २०१० पासून अशा वस्तू बाजारात विकण्यावर निर्बंध आले. आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांच्या पारंपरिक शिकारीतून आलेल्या मालाला सवलत आहे. प्रवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या वापरासाठी अंगावर घातलेली अथवा सोबतच्या सामानात असलेली सीलची वस्तू आणण्यास हा नियम परवानगी देतो. ब्रिटननेही संघातून बाहेर पडल्यावर हाच नियम आपल्या कायद्यात कायम ठेवला. तेव्हा सिक्स नेशन्सचा रग्बी सामना पाहायला पॅरिसला किंवा रोमला सीलचे स्पोरन लावून जाणाऱ्या चाहत्याने चिंता करू नये. मात्र तेथे ते विकू नये, आणि आधी कुरिअरने पाठवूनही देऊ नये, कारण सवलत प्रवाशाच्या सोबत असलेल्या वस्तूला आहे, पार्सलला नाही.

पाणमांजराचे स्पोरन असेल तर चित्र अगदी उलटे होते. ब्रिटन आता संघाबाहेर असल्याने एडिनबरा ते पॅरिस हा साइटीसच्या दृष्टीने दोन स्वतंत्र हद्दींमधला प्रवास आहे. ग्रेट ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जातानाही कागद लागतात. ज्या स्पोरनला अमेरिकेत बंदी ते पॅरिसला चालते, आणि ज्याचा सीलच्या कायद्याशी संबंध नाही ते पॅरिसच्या विमानतळावर अडते. प्राणी आधी ओळखा असे म्हणण्याचे कारण हेच आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याबाबत थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे प्राणिजन्य प्रत्येक वस्तू आगमनाच्या अर्जावर जाहीर करावी लागते, अगदी गाईचे कातडे आणि घोड्याचे केससुद्धा. न्यूझीलंडमध्ये समुद्री सस्तन प्राण्यांसाठी १९७८ चा वेगळा कायदा असल्याने सीलचे स्पोरन तेथे परवान्याशिवाय नेऊ नये.

तिसरे काम: पुरावे जमवणे

मूळ पावती असेल तर काम सोपे असते. ती नसेल तर वस्तूकडूनच काही माहिती काढता येते. फरच्या वरची धातूची पट्टी, जिला कॅन्टल म्हणतात, ती चांदीची असेल तर तिच्या मागच्या बाजूला बारीक ठसे सापडतात. ब्रिटनमध्ये चांदीची शुद्धता तपासून ठसे मारण्याची जुनी पद्धत आहे. एडिनबराच्या तपासणी कार्यालयाचा ठसा म्हणजे तीन बुरुजांचा किल्ला, त्याच्या शेजारी घडवणाऱ्याची आद्याक्षरे आणि बहुधा वर्ष दर्शवणारे एक अक्षर असते. हे अक्षर कोष्टकात पाहिले की चांदी कोणत्या वर्षी तपासली गेली ते कळते. भिंग घेऊन या ठशांचे स्वच्छ छायाचित्र काढावे.

या पुराव्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ठसा चांदीचे वय सांगतो, फरचे नाही, आणि जुन्या कॅन्टलला नवी फर लावून घेणे ही सामान्य गोष्ट आहे. म्हणून ठशाच्या जोडीला तारखेसह जुने कौटुंबिक छायाचित्र, मृत्युपत्रातील किंवा विम्याच्या यादीतील नोंद, रेजिमेंटची कागदपत्रे, दुरुस्तीची बिले असे जे मिळेल ते एकत्र करावे. शक्य असेल तर जुन्या वस्तूंच्या जाणकाराकडून किंवा संग्रहालयातील तज्ज्ञाकडून प्राण्याची ओळख आणि अंदाजे काळ यांविषयी सहीचे पत्र घ्यावे. नंतर स्पोरन सर्व बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून, चांगल्या उजेडात टिपावे आणि त्यावरील डाग, टाके, गोंड्यांची संख्या अशा खुणा वर्णनात लिहाव्यात. परवान्यावरचे स्पोरन हेच, अशी अधिकाऱ्याची खात्री पटणे हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे.

१९४७ या सालाविषयी एक इशारा देणे आवश्यक वाटते. ब्रिटनमधील जुन्या वस्तूंचे व्यापारी ‘हे १९४७ पूर्वीचे आहे, कागद लागत नाहीत’ असे सांगतात. ३ मार्च १९४७ पूर्वी घडवलेल्या वस्तूंना देशांतर्गत विक्रीसाठी प्रमाणपत्रातून सूट आहे, हे खरे आहे. परंतु ती सूट विक्रीपुरती आहे. तेच पाणमांजराचे स्पोरन विकत घेऊन देशाबाहेर न्यायचे झाले तर साइटीसचे कागद लागतातच. व्यापाऱ्याचे म्हणणे खरे मानून परदेशी पाहुणा सरळ विमानतळ गाठतो, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दुकानातच दोन वाक्ये अधिक सांगितली असती तर एक सुंदर जुनी वस्तू जप्तीतून वाचली असती.

चौथे काम: परवाने

ग्रेट ब्रिटनमध्ये साइटीसचे अर्ज प्राणी व वनस्पती आरोग्य संस्था पाहते, आणि प्रत्येक सदस्य देशात अशी एक यंत्रणा असते. पहिल्या परिशिष्टातील प्राण्यासाठी साधारणपणे दोन परवाने लागतात: ज्या देशातून निघायचे त्याचा निर्यात किंवा पुनर्निर्यात परवाना आणि ज्या देशात जायचे त्याचा आयात परवाना. प्राणी यादीत येण्यापूर्वी मिळवलेले कातडे असेल तर करारपूर्व प्रमाणपत्र मिळू शकते आणि प्रक्रिया पुष्कळ हलकी होते, म्हणूनच वरचे पुरावे महत्त्वाचे ठरतात. दुसऱ्या परिशिष्टातील वैयक्तिक वस्तूंना कराराने काही सूट दिली असली तरी अनेक देशांनी स्वतःचे नियम अधिक कडक केले आहेत, त्यामुळे जाण्याच्या देशाच्या यंत्रणेला विचारल्याखेरीज त्या सुटीवर भिस्त ठेवू नये.

निर्यात परवान्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते. फार आधी काढलेला परवाना प्रवासाच्या वेळी मेलेला असू शकतो, आणि फार उशिरा केलेला अर्ज वेळेत निघत नाही. माझ्या मते प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करणे योग्य. परतीचा विचार त्याच दिवशी करावा, कारण यजमान देशातून बाहेर पडताना पुनर्निर्यातीचे आणि घरी प्रवेश करताना आयातीचे कागद लागू शकतात. साइटीसची वस्तू ठरावीक विमानतळांवरूनच ने-आण करता येते, म्हणून तिकिटाआधी ती यादी पाहावी. परवान्यावर सीमा अधिकाऱ्याचा शिक्का प्रवासाच्या वेळीच घ्यावा लागतो, नंतर तो मिळत नाही.

भारतात येताना

भारत १९७६ पासून साइटीसचा सदस्य आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने साइटीसच्या तरतुदी थेट त्या कायद्यात आल्या. पाणमांजर आपल्याकडे परके नाही. गोव्याच्या खाड्यांत आणि सिंधुदुर्गाच्या नद्यांत त्याच्या जातभाईंचे वास्तव्य आहे, आणि येथील कायदा त्यांचे संरक्षण करतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीने पहिल्या परिशिष्टातील प्राण्याची वस्तू परदेशात मिळवून मायदेशी आणली, तर वैयक्तिक वस्तू म्हणून मिळणारी सूट करारानेच नाकारली आहे. ग्लासगोहून शिक्षण संपवून पुण्याला परतणाऱ्या विद्यार्थ्याने पाणमांजराचे जुने स्पोरन आठवण म्हणून परवान्याशिवाय आणणे म्हणूनच योग्य नाही. कोल्ह्याच्या आणि मिंकच्या कातड्यांच्या आयातीवर भारताने २०१७ मध्ये बंदी घातली असल्याने कोल्ह्याच्या मुखाचे स्पोरनही खरेदी करताना टाळावे. पुण्याच्या लग्नाला किल्ट घालून येणाऱ्या स्कॉटिश पाहुण्यांना यजमानांनी निमंत्रणासोबतच चामड्याचे स्पोरन आणण्याची विनंती करावी. त्यात कसलाही अनादर नाही, आणि पोशाखाची शान तसूभरही कमी होत नाही.

पर्याय आणि सामान

खरे तर बहुतेक प्रवासांसाठी सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे दुसरे स्पोरन बाळगणे. गाईच्या चामड्याचे, सशाच्या किंवा घोड्याच्या केसांचे किंवा कृत्रिम फरचे चांगले स्पोरन औपचारिक समारंभातही शोभते. ढोलवादकांच्या बिबट्याच्या कातड्याची जागाही आता अनेक बँडमध्ये कृत्रिम कापडाने घेतली आहे. वारशाने आलेली सीलची किंवा पाणमांजराची वस्तू घरी जपून ठेवावी आणि घरच्या समारंभात वापरावी.

जे न्यायचे ते हातातल्या पिशवीत, मूळ कागदांसह ठेवावे. पोशाखाचाच भाग असलेली स्किअन डू ही छोटी सुरी मात्र चेक-इन सामानातच गेली पाहिजे, आणि तिची किंवा बॅगपाइपची जडवणूक हस्तिदंताची असेल तर त्यासाठी वेगळे परवाने लागतात. कागदांच्या दोन प्रती वेगळ्या ठेवाव्यात. आगमनानंतर हिरव्या मार्गिकेतून न जाता लाल मार्गिकेत जावे, विचारण्याआधीच ‘माझ्याकडे प्राण्याच्या फरची वस्तू आहे’ असे सांगावे आणि प्राण्याचे नाव, पावती व परवाना या क्रमाने पुढे करावे. अधिकाऱ्याने वस्तू अडवलीच तर वाद घालू नये. जप्तीची लेखी पावती, कायद्याचे कलम, अधिकाऱ्याचा क्रमांक आणि दाद मागण्याची मुदत मागून घ्यावी, आणि वस्तूवरील हक्क सोडून देण्याच्या कागदावर तो पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नये. काही देशांत वस्तू आपल्या खर्चाने परत पाठवण्याची मुभा मिळू शकते, पण ती बहुधा त्याच वेळी, तिथेच मागावी लागते.